निवृत्तीनंतर वावरातल्या शेडमध्ये विमान बांधणे: कोणी केलंय का?

वर्कशॉपवाला | १२/०१/२०२५, २०:१४

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

एसटीत ३४ वर्षं काढली. त्यातली सहा वर्षं हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बॉडी बांधणीत, बाकी आगारात, शेवटी हेड मेकॅनिक. गेल्या जूनमध्ये ५८ भरली, शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. आर्वी तालुक्यात वडिलांचं चार एकर वावर आहे. तिथं तुरीच्या कुटारासाठी बांधलेली २० बाय ४० फुटांची टिनाची शेड आता रिकामी पडली आहे.

एवढ्यात यूट्यूबवर एक परदेशी म्हातारा गॅरेजमध्ये दोन सीटचं ॲल्युमिनियमचं विमान बांधताना पाहिला. एक पाहिला, मग पन्नास पाहिले. खरं सांगतो, तो ज्या हातानं रिव्हेट मारत होता त्याहून बरे आम्ही बसच्या पत्र्याला मारत होतो. तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

विचारायचं असं की पत्र्याचं करावं की लाकडाचं? भंगारात मारुती ८०० चं चांगलं इंजिन मिळतं, ते चालेल का? सरकारी परवानगीचं काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या वयात सुरू करण्यात अर्थ आहे का? सौ. म्हणते, आधी न्हाणीघराचा नळ दुरुस्त करा.

---

काऊनगा | १२/०१/२०२५, २०:२२

वा राजेहो! आमच्या इथं एसटी टायमावर येत नाही अन् तुमी इमान आनता! बुकिंग सुरू झालं का मले सांगजा, खिडकीची सीट पाह्यजे.

---

सांबारवडी | १२/०१/२०२५, २०:४१

सौ.च्या बाजूनं पहिलं मत माझं. नळ आधी.

आमच्याकडे जिवंत उदाहरण आहे म्हणून सांगते. माझे बाबा जि. प. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, परतवाड्याजवळ घर. त्यांनी २०१२ मध्ये लाकडी विमानाचा एक पंख बांधायला घेतला. नागपूरहून लाकूड, कुठून कुठून नकाशे, सगळं आणलं. चौदा फुटांचा सांगाडा झाला, अगदी देखणा, आतल्या फासळ्या मोजून सारख्या. मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग माझं लग्न, मग भावाचं. पंख गोठ्याच्या माळ्यावर चढला.

आता आई दर उन्हाळ्यात तो खाली काढते, दोन खुर्च्यांवर ठेवते, वरून जुनं लुगडं ताणून बांधते आणि कुरडया वाळवते. खालून हवा लागते म्हणून दोन दिवसांत कडक होतात. बाबा ७४ चे आहेत, कोणी विचारलं तर अजून म्हणतात, "करतो ना, दुसरा पंख राहिला आहे."

---

काऊनगा | १२/०१/२०२५, २०:४४

म्हणजे कुरडई उडाली, इमान राह्यलं.

---

कोथरूडी | १२/०१/२०२५, २१:३०

धागाकर्त्यांचा उत्साह स्तुत्य आहे. पण यूट्यूब पाहून विमान बांधणं आणि यूट्यूब पाहून बिर्याणी करणं यात फरक आहे. बिघडली तर बिर्याणी फेकून देता येते. तसंही आपल्याकडे कायदा याला परवानगी देतो असं वाटत नाही.

---

कलम_कसाई | १२/०१/२०२५, २२:०५

@कोथरूडी, वाटण्यावर कायदा चालत नाही हो.

१९३४ चा जुना कायदा गेला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाला, म्हणजे शाई अजून ओली आहे. बारकाव्यात शिरत नाही, मुद्दा एवढाच की शेडमध्ये पत्रा कापून पंख जोडायला कोणी तुम्हाला अडवायला येणार नाही. पण नोंदणी आणि नोंदणीचिन्ह नसलेलं विमान उडवता येत नाही. त्यावर उड्डाणयोग्यतेचा कागद लागतो आणि चालवणाऱ्याकडे परवाना लागतो. साध्या खासगी परवान्याला ४० तास उड्डाण आणि वैद्यकीय तपासणी आहेच. हे सगळं डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे.

आणि साहेब, तुम्ही आर्वीचे. शेजारी पुलगावचा दारूगोळा डेपो आहे. तिथं विनापरवाना काही उडवाल तर विमानाआधी तुम्हीच जमिनीवर याल. चुकूनही "वावरातल्या वावरात एक उडी मारून बघतो" असं करू नका.

घरी बांधून नोंदणी मिळवलेले आपल्याकडे आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते मांडलं होतं. नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. लक्षात घ्या, ते स्वतः पायलट, त्यांच्यामागे बातम्या, मंत्री, सगळं होतं. तरी एवढा वेळ.

---

जयहो_भारत | १२/०१/२०२५, २२:४०

१८९५ साली चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवलंच होतं. आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, आपणच अमेरिकेकडे बघतो.

---

चष्मिष्ट | १२/०१/२०२५, २२:५८

आलं का ते! दर विमानाच्या धाग्यावर तळपदे येतातच. त्यांच्यासोबत नेहमी पुढे केली जाते त्या 'वैमानिक शास्त्र' पोथीतली विमानं १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी शास्त्रीय कसोटीवर तपासली आणि यातलं एकही उडू शकत नाही असा निष्कर्ष काढला. तळपद्यांनी धडपड केली असेल, त्याबद्दल आदर आहे. पण धागाकर्त्यांना तळपद्यांच्या गोष्टीतलं पाऱ्याचं इंजिन सुचवू नका, आधीच ते मारुतीवर अडलेत.

---

जयहो_भारत | १२/०१/२०२५, २३:१०

तुम्हाला सगळं परदेशीच खरं वाटतं.

---

चष्मिष्ट | १२/०१/२०२५, २३:१२

बंगळूर परदेशात आहे? हलके घ्या.

---

कॉर्पोरल | १३/०१/२०२५, ०६:५०

हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे विमानाच्या सांगाड्याचं काम. नंतर नागपुरातच घर केलं. म्हणून जरा लांबण लावतो.

वर्कशॉपवाले भाऊ, तुमचा हात बसच्या बॉडीवर बसलेला आहे. हे चांगलं आहे आणि तेच वाईट पण आहे. बसचा पत्रा आणि विमानाचा पत्रा दिसायला भाऊभाऊ, पण बसमध्ये पत्रा हा कपडा आहे, भार खालची चॅसी घेते. विमानात पत्रा स्वतः भार घेतो. त्यामुळे काही सवयी मोडाव्या लागतील.

पहिली, पेन्सिल. कानावर शिसपेन्सिल ठेवून पत्र्यावर रेघ मारायची नाही. ते शिसं म्हणजे ग्राफाइट. ओल मिळाली की रेघेखालचं ॲल्युमिनियम तिथंच खात जातं. बारीक मार्कर वापरा.

दुसरी, स्क्रायबर, म्हणजे पत्र्यावर ओरखडून रेघ मारायची टोकदार सळई. माझ्या उस्तादानं पहिल्या दिवशी माझ्या खिशातला स्क्रायबर काढून खिडकीबाहेर फेकला होता. ओरखडा म्हणजे तडा जिथून सुरू होणार ती जागा तुम्ही स्वतः आखून दिली.

तिसरं, प्रत्येक भोकाची दोन्ही तोंडं साफ करायची, कुसळ राहता कामा नये. आणि भोकाचा मध्य पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत हवा. बसला तुम्ही "आत्ता बसते ना" म्हणून कडेला मारून मोकळे होत असाल, ते इथं चालणार नाही.

आता मारुती. ८०० चं इंजिन ७९६ सीसी, जेमतेम ३७ अश्वशक्ती. गाडीत ते बहुतेक वेळ अर्ध्या जोरावरही चालत नाही. विमानात चढताना पूर्ण जोर आणि नंतरही तासन्तास पाऊण जोर. शिवाय पंखा थेट क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, लावता येत नाही. हिशोब करून पाहा, ७२ इंची पंखा ५,५०० फेऱ्यांनी फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला ५२५ मीटरच्या वर जातो. आवाजाचा वेग आपल्या उन्हाळ्यात ३५० च्या आसपास. टोक आवाजाच्या पुढे गेलं की नुसता कल्लोळ होतो, ओढ मिळत नाही. म्हणून रोटॅक्स ९१२ सारख्या इंजिनात गिअर देऊन पंखा हळू फिरवतात. १०० अश्वशक्तीच्या मॉडेलात २.४३ ला १. तेच ५,५०० पंख्याशी २,२६३ होतात, टोक २१७ मीटरवर येतं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन स्वतंत्र इग्निशन. एक मेलं तरी दुसऱ्यावर घरी येता येतं.

अमेरिकेत सुझुकीचं ९९३ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन गिअर लावून वापरणारे आहेत, नाही असं नाही. पण ते करणं म्हणजे विमानाचा एक प्रकल्प आणि इंजिनाचा दुसरा. दोन बायका फजिती ऐका.

---

वर्कशॉपवाला | १३/०१/२०२५, ०८:१५

कॉर्पोरल साहेब, दंडवत. पेन्सिलचं वाचून कानाला हात लावला, तर खरंच पेन्सिल होती.

मारुतीचा नाद सोडला. पण रोटॅक्सची किंमत पाहिली आणि चहा घशात अडकला. वीस लाखांच्या घरात, वर आयात कर. आम्हा एसटीवाल्यांना ईपीएस-९५ चं, म्हणजे भविष्य निर्वाह निधीवालं पेन्शन मिळतं, आकडा सांगत नाही, पोट्टे हसतील.

---

धुऱ्यावरचा | १३/०१/२०२५, १३:०२

दारव्हा तालुका, कपाशी-तूर. मी विमानातलं काही समजत नाही, मातीतलं समजते. त्याच्यावर बोलतो.

तुमची शेड काळ्या मातीवर आहे ना? मग लिहून ठेवा, तिची फरशी जागेवर राहणार नाही. उन्हाळ्यात आमच्या वावरात एवढ्या भेगा पडतात की कोयता पडला तर हात घालून काढावा लागतो. पावसाळ्यात तीच माती फुगते. मी गोडाऊनचा कोबा दोनदा टाकला, दोनदा फुटला. शेवटी दोन फूट काळी माती काढून मुरूम भरला, तेव्हा जरा टिकला.

तुम्हाला ते सगळं एका लेव्हलवर जुळवावं लागत असन ना? चैतात एक पंख केला आन् आषाढात दुसरा, तर दोघांत पीळ येईन.

आन् धावपट्टीचं म्हणाल तर रोही आन् रानडुक्कर यायला आधी फॉर्म भरायला लावा.

---

कॉर्पोरल | १३/०१/२०२५, १३:४०

@धुऱ्यावरचा, मी वीस वर्षं पक्क्या हँगरमध्ये काम केलं, माझ्या डोक्यात माती आलीच नाही. एकदम बरोबर. एका पंखाचा पीळ दुसऱ्यापेक्षा थोडा जरी वेगळा असला तरी विमान कायम एका बाजूला झुकतं, पायलट सारखा दांडा धरून बसतो.

उपाय असा: फरशीवर विसंबू नका. जाड अँगलचं टेबल बनवा, प्रत्येक पायाला जॅक स्क्रू. काम सुरू करण्याआधी रोज पाणसळीची नळी लावून चारी कोपरे जुळवायचे. गवंड्याकडची साधी पारदर्शक नळी चालते, महागडं काही नको.

उन्हाचाही विचार करा. साडेतीन मीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा पहाटेच्या २० अंशांवरून दुपारच्या ४५ वर गेला की दोन मिलिमीटरनं वाढतो. पहाटे भोकं पाडली आणि दुपारी रिव्हेट मारायला गेलात तर शेवटची भोकं जुळणार नाहीत, आणि तुम्ही स्वतःलाच शिव्या द्याल.

---

काऊनगा | १३/०१/२०२५, १३:४५

आमच्याकडं माणूस पन उन्हाळ्यात दुपारी जुळत नाही, पत्रा तं पत्रा.

---

मिलवॉकीचा_मामा | १४/०१/२०२५, ०४:३०

मूळचा पुसदचा, आता विस्कॉन्सिनमध्ये. ओशकोश माझ्या घरापासून दीड तासावर. जुलैअखेरीस तिथं विमानांचा जो मेळा भरतो त्याला दहा वर्षं जातोय. भरवणारी संस्था १९५३ साली स्थापन झाली, सुरुवात अशाच घरी विमान बांधणाऱ्यांपासून. हजारो विमानं, आणि घरी बांधलेल्यांची वेगळी रांग. प्रत्येक विमानाशेजारी खुर्ची टाकून एक पिकल्या केसांचा माणूस बसलेला असतो. त्याला एक प्रश्न विचारला की तुमचा अर्धा दिवस गेला. आपल्याकडे पारावर बसतात तसंच.

तुम्हाला झेनिथचं सीएच ७०१ सुचवेन. ख्रिस हाइन्ट्झ यांनी १९८६ साली केलेलं, दोन सीट, सगळा पत्रा, बहुतेक ब्लाइंड रिव्हेट, ते एकाच बाजूनं मारता येतात, म्हणजे एकट्या माणसाला जमतं. रिकामं वजन २६० किलोच्या जवळपास. वेग ताशी ४८ किलोमीटरपर्यंत उतरला तरी हवेत टिकतं, आपली लुना जोरात असती तर शर्यत लावली असती. कंपनी नुसत्या रडरचं, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या भागाचं, सामानही वेगळं विकते. मिझुरी राज्यात मेक्सिको नावाचं गाव आहे, तिथं कारखान्यात दोन दिवसांची कार्यशाळा असते. मी २०१८ ला गेलो होतो. शुक्रवारी पत्रा हातात देतात, शनिवारी संध्याकाळी रडर घेऊन घरी. माझ्यासोबत एक दंतवैद्य आणि एक शेतकरी होता. सगळ्यात सुबक काम दंतवैद्याचं.

अमेरिकेत नियम असा की विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग छंद किंवा शिक्षण म्हणून स्वतः बांधलेला पाहिजे. मग पहिले ४० तास ठरवून दिलेल्या भागातच चाचणी उड्डाणं. आपल्याकडे तसं सुटसुटीत काही नाही, हे कलम_कसाईंनी सांगितलंच.

माझं पुढे काय झालं? रडर गॅरेजच्या भिंतीवर आहे. बायको त्यावर कोट अडकवते. सांबारवडी ताई, तुमच्या आईला नमस्कार सांगा, जगभर एकच रीत आहे.

---

सांबारवडी | १४/०१/२०२५, ०९:१०

आई हसून हसून लोटपोट. बाबांनी मात्र विचारलं, "शुक्रवारी पत्रा आणि शनिवारी रडर? लाकडाचं होत असेल का तसं?" बघा, आता तुम्हीच निस्तरा.

---

चिंतातुर_जंतू | १४/०१/२०२५, २१:२०

सगळे हसताहेत म्हणून एक गंभीर लिहितो. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात २०२१ साली एका तरुण कारागिरानं घरी हेलिकॉप्टर बांधलं होतं. जमिनीवरच्या चाचणीत मागचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि तो मुलगा गेला. हात सोन्याचा होता म्हणतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्याच्या आधी कोणी त्याचं काम तपासायला गेलं होतं का?

---

कॉर्पोरल | १४/०१/२०२५, २२:०२

बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. हवाई दलात मी बसवलेल्या नटवर माझी एकट्याची सही कधीच चालली नाही. मी बसवायचा, दुसऱ्यानं पाहायचा, त्याची सही. यात विश्वास नसल्याचा प्रश्न नाही. ज्यानं चूक केली त्यालाच ती दिसत नाही. आपणच लिहिलेल्या अर्जातली चूक आपल्याला दिसते का?

२०१२ मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं घरी बांधलेल्या विमानांचा खास अभ्यास केला. वरची दोन कारणं अशी की इंजिनाचा जोर जाणं आणि हवेत ताबा सुटणं. रिव्हेट सुटून पंख गळाला असं क्वचित. म्हणजे बांधकामापेक्षा पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटर आणि नवख्या विमानावर बसलेला माणूस हे जास्त धोक्याचे.

पेट्रोलवरून आठवलं, आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं येतंय. रोटॅक्सचं पुस्तक १० टक्क्यांपर्यंतच मुभा देतं. इथेनॉल पाणी ओढतं, टाकीचं सीलंट आणि रबर खातं. धागाकर्ते एसटीचे, डिझेलवाले, त्यांना हा त्रास नवा असेल.

वर्कशॉपवाले भाऊ, इंजिन, परवाना, धावपट्टी हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. रडर करा. झालं की मला बोलवा. नागपूरहून आर्वी फार लांब नाही. मी येऊन एकेक रिव्हेट पाहीन. तोंडावर वाईट बोलीन, एवढं सांगून ठेवतो.

---

वर्कशॉपवाला | १४/०१/२०२५, २२:३०

ठरलं. मामा, तुमच्याशी व्यक्तिगत निरोपात बोलतो, सामान मागवायचं कसं ते सांगा.

(नळ दुरुस्त केला. सौ.ला धागा दाखवला होता.)

---

कोथरूडी | १५/०१/२०२५, १०:०५

नळ दुरुस्त झाला म्हणजे धाग्याचं सार्थक झालं. संपादकांनी कुलूप लावायला हरकत नाही.

---

पळसफूल | १७/०४/२०२५, ११:२५

धागा वर काढते. काल १६ एप्रिलला अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं! आमच्या शेजारच्या आजी बघायला गेल्या होत्या. परत येऊन म्हणाल्या, "लहानच आहे."

वर्कशॉपवाले काका, तुमचं कुठपर्यंत आलं? आणि एक बाळबोध प्रश्न: एवढ्या उन्हात विमानं उडतात कशी? इंजिन तापत नाही का?

---

कॉर्पोरल | १७/०४/२०२५, १९:४०

प्रश्न बाळबोध नाही. इंजिन तापणं वेगळं, त्याहून मोठी अडचण हवेची. गरम हवा विरळ. पंखाला धरायला आणि इंजिनाला प्यायला हवाच कमी मिळते.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर. एवढ्या उंचीचं प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यात ४५ अंश धरा, म्हणजे ३२ अंश जास्त. दर अंशाला साधारण १२० फूट असा ढोबळ हिशोब आहे. त्यात नागपूरची मूळची हजारेक फूट उंची मिळवली की गोळाबेरीज ४,८०० फुटांच्या वर जाते, जवळपास १,४८० मीटर. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान स्वतःला चिखलदऱ्याच्याही डोक्यावर समजतं. मोठ्या विमानांना लांब धावपट्टी असते. वावरातल्या छोट्या विमानाला दुपारी बाराला धुऱ्यावरची बाभूळ दिसायला लागते.

---

धुऱ्यावरचा | १७/०४/२०२५, २०:११

विमानाला चिखलदऱ्याची हवा आन् आम्हाला ४५ अंश. हा कुठला न्याय?

---

वर्कशॉपवाला | ०७/१२/२०२५, २१:०५

मंडळी, उशीर झाला, माफी. हकिकत सांगतो.

सामान मामांच्या भाच्याबरोबर काही आलं, काही पार्सलनं. कस्टमनं किती घेतले ते सौ.ला माहीत नाही, तिनं हा धागा परत वाचू नये अशी प्रार्थना आहे. टेबल मार्चमध्ये केलं, १२ बाय ४ फूट, अँगलचं, सहा पाय, सहा जॅक. जॅक भंगारातल्या जुन्या गाड्यांचे. नळी लावून पाणी भरलं, जुळवलं, पाण्यात थोडी हळद टाकली म्हणजे रेघ दिसते.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमचे पाय धरायचे राहिलेत. १५ मे ला टेबल काटेकोर होतं. जुलैत दोन मोठे पाऊस झाल्यावर पाहतो तर पूर्वेचा कोपरा नऊ मिलिमीटर वर! फरशीला तडा नाही, काही नाही, गुपचूप उचलला. जॅक नसते तर मला कळलंही नसतं.

उन्हाळ्यात पहाटे पाच ते सात एवढंच काम. ड्रिल आणि रिव्हेट एकाच वेळेला. सात वाजले की बंद, मग घरी जाऊन झोप. पेन्सिल शेडमध्ये आणायला बंदी, तशी पाटी लावली. नातवानं पाटीखाली पेन्सिलनं विमान काढलं.

ऑक्टोबरमध्ये रडर पूर्ण झाला. या विमानात रडर म्हणजे अख्खं उभं शेपूटच फिरतं, त्यामुळे चांगला पुरुषभर दिसतो. मला वाटलं, वा, हिंगण्यात असतो तर फोरमननं चहा पाजला असता. कॉर्पोरल साहेबांना बोलावलं. ते आले, चहा नको म्हणाले, खिशातून छोटा टॉर्च आणि भिंग काढलं आणि दोन तास एक शब्द बोलले नाहीत. खाली उकिडवं बसून टॉर्च पत्र्याला आडवा लावायचा, म्हणजे पत्र्यावरचा उंचवटा सावलीत दिसतो. ही युक्ती मी ३४ वर्षांत केली नव्हती. मग मार्करनं गोल करत गेले. अकरा गोल. सात ठिकाणी रिव्हेटचं डोकं पत्र्याला पूर्ण टेकलेलं नव्हतं, नख जात होतं. चार कडेच्या फार जवळ. माझा एसटीचा हात.

मी म्हणालो, अकराच ना, चालून जाईल. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

सातही रिव्हेट ड्रिलनं काढून परत मारले. कडेचे चार जिथं होते ती फासळीच नवीन घेतली, म्हणजे आणखी दोन महिने. परवा साहेब परत आले, पाहिलं, वहीत सही केली. मग चहा घेतला. दोन कप.

सौ. शेडमध्ये पहिल्यांदाच आली. रडरला चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाली, "लोकांचं हत्ती जातो अन् शेपूट राहते. तुमचं शेपूट झालं, हत्ती राहिला."

---

काऊनगा | ०७/१२/२०२५, २१:०९

वैनीले माह्याकडून साष्टांग नमस्कार!! धाग्याचं नाव बदला राजेहो.

---

सांबारवडी | ०७/१२/२०२५, २१:३३

बाबांना वाचून दाखवलं. "सात ठिकाणी नख जात होतं" हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग उठून गोठ्यात गेले. आईनं ओरडून सांगितलं, सांडग्यांचं होईपर्यंत पंखाला हात लावायचा नाही.

काका, ते परतवाड्याहून आर्वीला यायचं म्हणतात. येऊ देत का?

---

कलम_कसाई | ०७/१२/२०२५, २२:१५

अभिनंदन. वहीत तारीख, काम, कोणी तपासलं हे लिहिताय ते फार छान. प्रत्येक टप्प्याचे फोटो तारखेसह जपून ठेवा. उद्या कधी कागदपत्रांची वेळ आलीच तर ही वही तुमच्या बाजूनं बोलेल. नाही आली तरी नातू वाचेल.

---

चिंतातुर_जंतू | ०८/१२/२०२५, ०७:२०

जानेवारीत मी जे लिहिलं होतं त्याचं उत्तर मिळालं. कॉर्पोरल साहेब, तुम्ही गेलात, आभार.

---

कॉर्पोरल | ०८/१२/२०२५, ०८:०५

आभार कसले, चहा चांगला होता. मूळ प्रश्न होता, या वयात अर्थ आहे का. माझं वय ६६. मी टॉर्च घेऊन शेडमध्ये बसलो तेव्हा दोन तासांत मोबाइल एकदाही पाहिला नाही. पुढचं तुम्हीच ठरवा.

पुढचा भाग आडवं शेपूट. त्याला लांब पत्रा लागेल, जानेवारीच्या थंडीतच भोकं पाडून रिव्हेट मारून घ्या.

---

वर्कशॉपवाला | ०८/१२/२०२५, २०:४०

@सांबारवडी, बाबांना जरूर पाठवा. पंख पण आणा म्हणावं, कुरडया उतरवून.

कॉर्पोरल साहेब, पत्रा बघून ठेवलाय. टेबल काल परत जुळवलं, आता पश्चिमेचा कोपरा तीन मिलिमीटर खाली गेलाय. धुऱ्यावरचे भाऊ, हे डिसेंबरात असं होतं का हो? की माझ्या नळीत हवेचा बुडबुडा आहे?

---

धुऱ्यावरचा | ०८/१२/२०२५, २१:१७

बुडबुडा पाहा आधी. नसन तर माती वाळून राहिली, बसत चालली. मार्चपर्यंत अजून बसन.